जुने खेळ, नवे बोर्ड : रास्पबेरी पायवरील इम्युलेशनचा इतिहास

इम्युलेटर म्हणजे एका यंत्राचे काम दुसऱ्या यंत्रावर हुबेहूब करून दाखवणारे सॉफ्टवेअर. जुन्या व्हिडिओ गेम कन्सोलचा प्रोसेसर, चित्र काढणारी चिप, आवाजाची चिप या साऱ्यांची नक्कल इम्युलेटर करतो आणि मूळ खेळाला आपण परक्या यंत्रावर चालतो आहोत याचा पत्ता लागत नाही. घरगुती संगणकावर हा प्रकार १९९७ मध्ये जोरात सुरू झाला. इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी त्या वर्षी फेब्रुवारीत आर्केड खेळांसाठी ‘मेम’ प्रसिद्ध केला, तर एप्रिलमध्ये निन्टेंडोच्या एनईएस कन्सोलसाठी ‘नेस्टिकल’ आला. सोनीने प्लेस्टेशनचा इम्युलेटर विकणाऱ्या कनेक्टिक्स कंपनीला कोर्टात खेचले. पण अमेरिकेच्या नवव्या सर्किट अपील न्यायालयाने २००० मध्ये कनेक्टिक्सच्या बाजूने कौल दिला. तेव्हापासून इम्युलेटर लिहिणे आणि खेळाची प्रत वाटणे या दोन गोष्टी कायद्याच्या नजरेत वेगळ्या मानल्या जाऊ लागल्या.

पुढची दहा-बारा वर्षे हौशी मंडळी जुना पीसी लाकडी कपाटात बसवून घरच्या घरी आर्केड मशीन तयार करत. पीसी जागा अडवे, वीज खाई आणि त्याच्या पंख्याचा आवाजही होई. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी केंब्रिजच्या रास्पबेरी पाय फाउंडेशनने ३५ डॉलरचा, पत्त्याएवढा संगणक विक्रीस आणला आणि ही अडचण संपली. एबन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हेतू मुलांना प्रोग्रामिंगची गोडी लावण्याचा होता. संस्थापकांमध्ये १९८४ च्या ‘एलिट’ या गाजलेल्या खेळाचे सहनिर्माते डेव्हिड ब्रेबन हेही होते. बोर्डाला एचडीएमआय आणि साध्या टीव्हीची पिवळी पिन असे दोन्ही मार्ग असल्याने तो कोणत्याही टीव्हीला जोडता येई. त्याच वर्षी ‘रेट्रोपाय’ प्रकल्प सुरू झाला. निरनिराळे इम्युलेटर एकत्र बसवून देणे हे त्याचे काम. पुढे ‘इम्युलेशनस्टेशन’ या मेनूची जोड मिळाल्यावर कीबोर्डला हात न लावता नुसत्या जॉयस्टिकने खेळ निवडता येऊ लागला.

पहिल्या पायची ताकद मात्र तुटपुंजी होती. ७०० मेगाहर्ट्झचा एकच कोर आणि २५६ एमबी मेमरी. ऑक्टोबर २०१२ पासून ही मेमरी ५१२ एमबी झाली. एनईएसचे खेळ त्यावर सुरळीत चालत, पण त्यानंतरच्या सुपर निन्टेंडो या कन्सोलपाशी गाडी अडे. ‘स्टार फॉक्स’सारख्या खेळांच्या कार्ट्रिजमध्ये सुपर एफएक्स ही जादा चिप होती, तिचीही नक्कल करायची म्हटल्यावर बोर्डाला धाप लागे. म्हणून पायसाठी मुद्दाम जुने, हलके इम्युलेटर निवडले गेले. आर्केडसाठी वापरला गेलेला मेम हा ०.३७बी५ ही पार २००० सालची आवृत्ती होती. तिची नक्कल आजच्या मानाने ढोबळ होती, पण वेग पुरेसा होता.

अपग्रेडची पहिली लाट २ फेब्रुवारी २०१५ रोजी आलेल्या पाय-२ ने आणली. चार कोर आणि १ जीबी मेमरी हा फरक सर्वांना दिसला, पण इम्युलेशनसाठी दुसरा फरक जास्त मोलाचा ठरला. पाय-२ च्या प्रोसेसरमध्ये निऑन नावाचा सूचनासंच होता. एकाच सूचनेत अनेक आकड्यांवर काम करण्याची सोय त्याने दिली. प्लेस्टेशनसाठीचा ‘पीसीएसएक्स-रीआर्म्ड’ हा इम्युलेटर निऑनचा पुरेपूर वापर करी, त्यामुळे पहिल्या पायवर रखडणारे प्लेस्टेशनचे खेळ येथे पूर्ण वेगाने चालले. २९ फेब्रुवारी २०१६ च्या पाय-३ ने वायफाय आणि ब्लूटूथ बोर्डावरच दिले आणि बिनतारी कंट्रोलरसाठी वेगळा डोंगल लागेनासा झाला. या काळात अपग्रेड सोपे होते. बोर्डांची आतली रचना एका घराण्यातली असल्याने प्रणाली आणि खेळ साठवलेले पाय-२ मधले एसडी कार्ड पाय-३ मध्ये घालून, सॉफ्टवेअर अद्ययावत करून काम भागे.

याच सुमारास मोठ्या कंपन्यांनीही तोच रस्ता धरला. नोव्हेंबर २०१६ मध्ये निन्टेंडोने ३० खेळांचा एनईएस क्लासिक बाजारात आणला. त्याच्या आत लिनक्स आणि पाय-२ मध्ये होते तसेच कॉर्टेक्स-ए७ जातीचे चार कोर होते. डिसेंबर २०१८ मधल्या सोनीच्या प्लेस्टेशन क्लासिकमध्ये तर मुक्तस्रोत पीसीएसएक्स-रीआर्म्डच वापरला होता. ज्या कंपनीने इम्युलेटरविरुद्ध खटला लढवला, तिनेच हौशी मंडळींनी घडवलेला इम्युलेटर खोक्यात घालून विकला.

२४ जून २०१९ रोजी आलेल्या पाय-४ ने ही सोपी परंपरा मोडली. त्याचे कॉर्टेक्स-ए७२ कोर पाय-३ हून कितीतरी वेगवान होते. निन्टेंडो ६४ आणि ड्रीमकास्ट या कन्सोलांचे खेळ आवाक्यात आले. पण ग्राफिक्सची चिप बदलली होती. आधीच्या बोर्डांवर बहुतेक इम्युलेटर पायची चिप बनवणाऱ्या ब्रॉडकॉमच्या डिस्पमॅनएक्स या खास मार्गाने थेट पडद्यावर चित्र काढत. पाय-४ लिनक्सच्या सर्वमान्य केएमएस आणि मेसा या मार्गाकडे वळला, त्यामुळे जुने सॉफ्टवेअर नव्याने बांधावे लागले. रेट्रोपायची पाय-४ साठीची पहिली तयार प्रतिमा (कार्डावर थेट उतरवायची डिस्क इमेज) एप्रिल २०२० मध्ये, म्हणजे दहा महिन्यांनी आली, आणि तीही चाचणी स्वरूपाची होती. बाकीच्या वस्तूंनाही झळ बसली. एचडीएमआयच्या जागी दोन मायक्रो-एचडीएमआय, मायक्रो-यूएसबीऐवजी टाइप-सी, इथरनेटची जागाही बदललेली. जुनी केबल, जुना अडॅप्टर, जुनी केस यांपैकी काहीच कामाला येईना. जुन्या टीव्हीवर खेळणाऱ्यांसाठी संमिश्र व्हिडिओची, म्हणजे पिवळ्या पिनच्या जोडणीची, सोय होती, पण ती मुळात बंद ठेवलेली. चालू केल्यास बोर्डाचा वेग थोडा उतरे.

वाढलेली ताकद केवळ नव्या कन्सोलांवर खर्च झाली नाही. जुन्याच खेळांची नक्कल अधिक नेमकी करण्याकडेही ती वळली. सुपर निन्टेंडोसाठी स्नेस९एक्स या इम्युलेटरची २००२ सालची आवृत्ती, मग २००५ ची, मग २०१० ची आणि अखेर चालू आवृत्ती अशी चढण प्रत्येक बोर्डागणिक चढता आली. २०१८ मध्ये अनेक इम्युलेटर एकाच छताखाली चालवणाऱ्या रेट्रोआर्चने ‘रन-अहेड’ ही सोय आणली. बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंतचा काही काळ खेळाच्या स्वतःच्या रचनेमुळे जातो. रन-अहेडमध्ये इम्युलेटर पुढच्या फ्रेम पडद्याआड आधीच चालवून पाहतो आणि तेवढी दिरंगाई कापतो. एकच फ्रेम दाखवण्यासाठी दोन-तीन फ्रेमचे काम करावे लागते, म्हणून एनईएससारख्या साध्या यंत्रालाही वेगवान बोर्डाचा उपयोग झाला. जुन्या टीव्हीच्या काचेच्या पडद्यावरच्या रेषा आणि उजेडाची नक्कल करणारे शेडरही याच काळात लहान बोर्डांवर सहज चालू लागले.

२०२१ ते २०२३ ही वर्षे चिपटंचाईची. बोर्ड मिळणे दुरापास्त झाले आणि अनेकांनी आहे त्यावरच निभावले. सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर झालेला पाय-५ ऑक्टोबरमध्ये ग्राहकांच्या हाती पडू लागला. त्यात २.४ गिगाहर्ट्झचे चार कॉर्टेक्स-ए७६ कोर आणि पाय-४ च्या दुप्पट ते तिप्पट वेग असा कंपनीचा दावा होता. ड्रीमकास्ट आणि पीएसपी त्यावर आरामात चालतात, गेमक्यूबचे काही खेळही चालतात. प्लेस्टेशन-२ चा मात्र भरवसा धरता येत नाही. पायच्या मुख्य मालिकेत पॉवरचे बटण प्रथमच बोर्डावर आले. चालू बोर्डाची वायर उपटल्याने कार्डावरची माहिती बिघडणे ही आधीच्या सर्व पिढ्यांची नेहमीची तक्रार होती.

या पिढीनेही जुने धागे तोडलेच. आवाज आणि संमिश्र व्हिडिओ देणारा ३.५ मिमीचा जॅक गेला. संमिश्र व्हिडिओसाठी बोर्डावर डाग देऊन वायर जोडावी लागते. बाहेरची उपकरणे जोडायच्या जीपीआयओ पिनांचा कारभार आरपी१ या स्वतंत्र चिपकडे गेल्याने आर्केडची बटणे थेट पिनांना जोडणाऱ्यांच्या जुन्या लायब्ररी निकामी ठरल्या. नव्या प्रोसेसरवर कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ६४ बिटचाच लागतो. शिवाय पाय-५ चा मूळ कर्नल मेमरीची वाटणी ४ केबीऐवजी १६ केबीच्या पानांत करतो. काही जुन्या प्रणाली त्यावर सुरूच होत नाहीत. कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ घालून ४ केबीचा कर्नल निवडला, की त्या चालतात. पूर्ण कामगिरीसाठी ५ व्होल्ट, ५ अँपियरचा अडॅप्टर आणि पंख्याची सोय लागते. रेट्रोपायची तयार प्रतिमा नसल्याने सुरुवातीला रास्पबेरी पाय ओएसवर रेट्रोपाय स्क्रिप्टने बसवावा लागला. बाटोसेरा, रिकलबॉक्स आणि लक्का या तशाच इतर प्रणालींनी मात्र तयार प्रतिमा दिल्या.

बोर्ड बदलताना कोणते सामान न्यायचे, याचेही संकेत या इतिहासातून घडले. आर्केड खेळांच्या फाइली मेमच्या आवृत्तीशी बांधलेल्या असतात. महाराष्ट्रातल्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये ‘मुस्तफा’ या नावानेच ओळखला जाणारा कॅपकॉमचा १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ घ्या. मेममध्ये त्याची फाइल ‘डायनो’ नावाची. मेम-२००३ या आवृत्तीला ०.७८ चा फाइलसंच लागतो, मेम-२०१० ला ०.१३९ चा. फाइलचे नाव तेच राहिले, तरी आतल्या तुकड्यांचा मेळ बसेलच असे नाही. सेव्हचीही गत अशीच. खेळाने स्वतः कार्ट्रिजच्या बॅटरीत जपलेली प्रगती छोट्या फाइलमध्ये राहते आणि बहुतेक इम्युलेटर ती ओळखतात. मध्येच गोठवलेली ‘सेव्ह स्टेट’ मात्र त्या इम्युलेटरच्या त्या आवृत्तीपुरतीच खात्रीची. म्हणून जुने कार्ड बाजूला ठेवून नवी प्रणाली कोऱ्या कार्डावर बसवणे आणि फक्त खेळांच्या व सेव्हच्या फाइली उचलणे हीच रीत रूढ झाली. या फाइली कायद्याने मुक्त मात्र नाहीत. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार संगणकप्रणालीला साहित्यकृतीचे संरक्षण आहे, आणि नव्वदच्या दशकातल्या खेळांची मुदत अजून संपलेली नाही.

आज पाय एकटा नाही. इंटेलच्या एन१०० वर चालणारे छोटे पीसी २०२३ पासून स्वस्तात मिळू लागले, आणि अडॅप्टर, पंखा, कार्ड, केस धरून पाय-५ चा खर्च त्यांच्या जवळ जातो. आतापर्यंतच्या अनुभवाचा निष्कर्ष असा, की नवा बोर्ड बाजारात येतो त्या दिवशी अपग्रेड होत नाही. त्याच्यासाठी सॉफ्टवेअर तयार होते तेव्हा होते. ज्याला सोळा बिटपर्यंतचेच, म्हणजे सुपर निन्टेंडोच्या पिढीपर्यंतचे, खेळ खेळायचे आहेत आणि ज्याचा पाय-३ नीट चालतो आहे, त्याला बदलण्याची गरज नाही. ड्रीमकास्ट, पीएसपी किंवा रन-अहेड हवे असेल, तरच पाय-५ वर पैसे घालणे सार्थ ठरते.