जुन्या आट्यांचे बोल्ट व नट

प्रचलित मानकांत न बसणारे, परंतु जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीस लागणारे मळसूत्री जोडभाग. व्यास, अंतराल (लगतच्या दोन आट्यांमधील अंतर), आट्याचा कोन आणि वळणाची दिशा या चार गोष्टी जुळल्या, तरच नट बोल्टावर नीट बसतो. यंत्र ज्या देशात व ज्या काळात घडले, तेथील मापपद्धती त्याच्या आट्यांत कायम राहते.

विदर्भाच्या कापूसपट्ट्यात या गोष्टीला व्यावहारिक महत्त्व आहे. घाटंजीसारख्या (जि. यवतमाळ) कापसाच्या बाजारपेठांत सरकी वेगळी करणे (जिनिंग) व रुईच्या गाठी बांधणे (प्रेसिंग) हे हंगामी उद्योग चालतात. ऐन हंगामात एका नटावाचून यंत्र बंद पडले, तर कापूस उघड्यावर पडून राहतो व त्यास आगीचे आणि भिजण्याचे भय असते. वऱ्हाडातील प्रारंभीची अशी यंत्रे बहुतांशी इंग्लंडमधून आलेली असल्याने त्यांचे आटे इंचांत असत. कापूसवाहतुकीसाठी बांधलेल्या यवतमाळ–मूर्तिजापूर या ७६२ मिमी. रुंदीच्या लोहमार्गावरील (शकुंतला रेल्वे) बाष्प एंजिन १९२१ मध्ये मँचेस्टर येथे तयार झाले होते. १९२३ पासून १९९४ पर्यंत ते सेवेत राहिले.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत प्रत्येक नट त्याच्या स्वतःच्या बोल्टावरच बसे. हेन्री मॉडस्ले यांनी १८०० च्या सुमारास लंडनमध्ये आटे पाडण्याचे अचूक कातन यंत्र (लेथ) बनविले. त्यांच्याकडे काम केलेले जोसेफ व्हिटवर्थ यांनी मँचेस्टरमध्ये कारखाना काढला. निरनिराळ्या कारखान्यांतील बोल्टांची मापे जमवून त्यांच्या सरासरीवरून त्यांनी १८४१ मध्ये ५५° कोनाची पद्धती सुचविली. तीत १/२ इंच व्यासास दर इंचास १२, तर १ इंच व्यासास ८ आटे असतात. अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी १८६४ मध्ये ६०° कोन पुरस्कारिला. त्या पद्धतीत १/२ इंचास १३ आटे येतात. या भेदामुळे दुसऱ्या महायुद्धात मित्रराष्ट्रांना एकमेकांची यंत्रे दुरुस्त करणे अवघड झाले आणि १९४८ मध्ये ब्रिटन, अमेरिका व कॅनडा यांनी ६०° कोनाची एकीकृत पद्धती मान्य केली.

भारतात १९५६ च्या अधिनियमानुसार १९५८ पासून मेट्रिक मापे टप्प्याटप्प्याने लागू झाली. भारतीय मानक संस्थेने (१९८७ पासून भारतीय मानक ब्यूरो) मेट्रिक आट्यांची मानके सिद्ध केली. नवे बोल्ट मेट्रिक झाले, पण जुनी यंत्रे इंचांतच राहिली. नळांच्या आट्यांत मात्र व्हिटवर्थ यांचा ५५° कोन आजही टिकून आहे.

ओळख : व्यास व्हर्नियर कॅलिपरने व अंतराल दातेरी पट्ट्यांच्या आटेमापकाने पाहतात. नजरेवर विसंबणे धोक्याचे असते. ५/१६ इंच व्हिटवर्थ बोल्टाचा व्यास ७·९४ मिमी. व अंतराल १·४१ मिमी., तर ८ मिमी. मेट्रिक बोल्टाचे नेहमीचे अंतराल १·२५ मिमी. असते; नट एखाददुसरा वेढा फिरून अडकतो व बळ लावल्यास आटे खराब होतात. ३/८ इंच मापात ब्रिटिश व अमेरिकन दोन्ही पद्धतींत इंचास १६ आटे असल्याने नट सहज बसतो. पण कोन भिन्न असल्याने आट्यांच्या बाजू पूर्णपणे टेकत नाहीत. सैल झालेला असा जोड कंप पावणाऱ्या यंत्रात घातक ठरतो. फिरत्या दंडावर नट आपोआप सुटू नये म्हणून काही ठिकाणी डावे आटेही योजतात.

घडण : मोडीत निघालेल्या समकालीन यंत्रांतून योग्य बोल्ट न मिळाल्यास तो कातन यंत्रावर बनवावा लागतो. कर्तक हत्यार ५५° कोनास घासून घेतात व दंतचक्रांची जोडणी बदलून हवे ते अंतराल साधतात. ५ इंच म्हणजे नेमके १२७ मिमी. होत असल्याने मेट्रिक यंत्रावर इंचाचे आटे अचूक पाडण्यास १२७ दात्यांचे चक्र उपयोगी पडते. नटासाठी योग्य टॅप नसल्यास उच्च कार्बनी पोलादाचा टॅप घडवून, खाचा पाडून त्यास पाणी देतात.

आकाराइतकेच द्रव्यही महत्त्वाचे असते. ८·८ हा अंक असलेल्या बोल्टाचे नाममात्र ताणबल दर चौ. मिमी.स ८०० न्यूटन असते. भार घेणाऱ्या अशा बोल्टाच्या जागी साध्या मृदू पोलादाचा बोल्ट टिकत नाही. मूळ छिद्र मोठे करून मेट्रिक आटे पाडणे हा सोपा उपाय असला, तरी तो परत फिरवता येत नाही. एकाच यंत्रात दोन मापपद्धती मिसळल्या की पुढील कारागिराची फसगत होते. म्हणून असा बदल अटळ असल्यास त्याची नोंद यंत्रावरच खुणेने करून ठेवणे इष्ट ठरते.