अग्निशमन केंद्राचा आर्किटेक्ट कसा निवडतात? बिबवेवाडीच्या उदाहरणातून समजून घ्या

आग लागली की आपण १०१ ला फोन करतो आणि बंबाची वाट बघतो. बंब उशिरा आला तर वाहतूक कोंडी, अरुंद गल्ली, आडव्या लावलेल्या गाड्या अशी कारणं आपल्याला लगेच दिसतात. पण फोन आल्यापासून बंब केंद्राच्या फाटकाबाहेर पडेपर्यंतही वेळ जातो. तो किती जाणार, हे बऱ्याच अंशी केंद्राच्या इमारतीवर अवलंबून असतं. जवान झोपतात कुठे, गाडीपर्यंत पोहोचायला किती जिने उतरावे लागतात, गाडी सरळ बाहेर पडते की मागेपुढे करावी लागते, हे सगळं आधीच कागदावर ठरलेलं असतं.

तो कागद तयार करणारा आर्किटेक्ट महापालिका कसा निवडते? आणि नागरिक म्हणून आपण त्यात काय बघायला हवं?

बिबवेवाडीचं उदाहरण का?

पुण्याच्या अग्निशमन दलाचं मध्यवर्ती केंद्र भवानी पेठेत आहे. शहराच्या दक्षिण भागासाठी गंगाधाम, कात्रज, कोंढवा अशी केंद्रं आहेत. बिबवेवाडी या सगळ्यांच्या मधोमध येते आणि इथे जवळपास प्रत्येक प्रकारचा धोका एकत्र सापडतो.

एका बाजूला मार्केट यार्ड आणि त्याच्या आसपासची गोदामं. दुसऱ्या बाजूला अप्पर आणि सुपर इंदिरानगरची दाट वस्ती. मध्ये जुन्या सोसायट्या, त्यांच्या जागी उभे राहणारे उंच टॉवर, शिवाय रुग्णालय आणि कॉलेज. जमीन सपाट नाही, अप्परकडे जाताना चढ लागतो. गंगाधाम चौकाकडे येणारा आई माता मंदिराजवळचा उतार तर अपघातांमुळे कायम बातम्यांत असतो. जून २०२३ मध्ये याच भागातल्या गोदामांना मोठी आग लागली होती.

केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शक सूचनांनुसार दोन लाख लोकसंख्येमागे एक अग्निशमन केंद्र किंवा उपकेंद्र, तेही १ ते ३ किलोमीटरच्या टप्प्यात असावं. जवानांच्या निवासासह केंद्रासाठी एक हेक्टर आणि उपकेंद्रासाठी ०.६ हेक्टर जागा धरलेली आहे. एक हेक्टर म्हणजे साधारण अडीच एकर. बिबवेवाडीसारख्या भरलेल्या उपनगरात एवढा मोकळा, सपाट, मोठ्या रस्त्याला लागून असलेला तुकडा मिळणं अवघड. त्यामुळे अशा ठिकाणी लहान, बेढब किंवा उतारावरच्या जागेत केंद्र बसवायची वेळ येते. जागा जितकी अडचणीची, तितका आर्किटेक्टचा अनुभव महत्त्वाचा.

या इमारतीत वेगळं काय असतं?

बाहेरून पाहिलं तर अग्निशमन केंद्र म्हणजे मोठी दारं असलेलं गॅरेज आणि वर चार खोल्या. प्रत्यक्षात तिथे बऱ्याच गोष्टी एकमेकांशी जुळवाव्या लागतात.

• वर्दी ते गाडी: दलाच्या भाषेत मदतीचा फोन येणं म्हणजे 'वर्दी' मिळणं. वर्दी मिळाल्यावर विश्रांतीच्या खोलीतून गाडीपर्यंतचा रस्ता छोटा, सरळ आणि अडथळ्याविना हवा. रात्री तीन वाजता झोपेतून उठलेला माणूस त्या रस्त्याने पळणार असतो.

• गाड्यांची ये-जा: गाडी मागून आत यावी आणि पुढून बाहेर पडावी, अशी रचना सर्वात चांगली. नाहीतर परतणारा बंब भर रस्त्यात रिव्हर्स घ्यावा लागतो. दारासमोर सर्वात लांब गाडी पूर्ण उभी राहील एवढं अंगण लागतं. उंच इमारतींसाठीची शिडीची गाडी ठेवायची असेल, तर दाराची उंची आणि वळणाची जागा वेगळी धरावी लागते.

• जमिनीची ताकद: ५ हजार लिटर पाणी म्हणजे फक्त पाण्याचंच वजन ५ टन. गाडीचं वजन वेगळं. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ उंच इमारतींभोवतीचा रस्ता ४५ टनांपर्यंतची अग्निशमन गाडी पेलेल असा मागते. मग अशा गाड्या जिथे रोज उभ्या राहतात, त्या फरशीचा विचार किती काटेकोर हवा!

• भूकंप: अग्निशमन केंद्र भूकंपानंतरही चालू राहायला हवं. म्हणून भारतीय मानक १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत या इमारतींचा 'महत्त्व गुणांक' १.५ आहे. सर्वसाधारण इमारतींसाठी तो १ असतो. म्हणजे हिशेब दीडपट ताकदीचा करावा लागतो.

• जवानांचं आरोग्य: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशमनाच्या कामातला घातक घटकांशी येणारा संपर्क 'माणसात कर्करोग घडवणाऱ्या' पहिल्या गटात टाकला. डिझेलचा धूर २०१२ पासून त्याच गटात आहे. त्यामुळे काजळी लागलेले गणवेश आणि पाइप धुण्याची जागा एका बाजूला, स्वयंपाकघर आणि झोपायच्या खोल्या दुसऱ्या बाजूला, अशी विभागणी हवी. गाड्यांचा धूर विश्रांतीच्या खोलीत शिरता कामा नये.

• महिला जवान: नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयातून हर्षिनी कान्हेकर या पहिल्या महिला पदवीधर बाहेर पडल्या, त्याला आता दोन दशकं झाली. आज काढलेल्या आराखड्यात महिलांसाठी स्वतंत्र विश्रांतिगृह आणि स्वच्छतागृह सुरुवातीपासून असायला हवं. नंतर एखादी खोली अडवून सोय केली, की गाडीपर्यंतचा रस्ता हमखास लांबतो.

शिवाय पाण्याची भूमिगत टाकी, पाइप सुकवायचा मनोरा, सरावाचं मैदान, जनरेटर आणि कर्मचाऱ्यांची घरं हे सगळं त्याच जागेत बसवायचं असतं.

आर्किटेक्ट येण्याआधी काय ठरतं?

सर्वात आधी जागा. शहराच्या विकास आराखड्यात अग्निशमन केंद्रासाठी आरक्षण ठेवलेलं असतं. पुण्याच्या जुन्या हद्दीचा आराखडा राज्य सरकारने जानेवारी २०१७ मध्ये मंजूर केला. आरक्षण म्हणजे जागा ताब्यात आली असं मात्र नाही. ती ताब्यात घ्यावी लागते, अंदाजपत्रकात पैसे ठेवावे लागतात. काम एकापेक्षा जास्त आर्थिक वर्षं चालणार असेल, तर महापालिका अधिनियमाच्या कलम ७२(ब) खाली मान्यता घ्यावी लागते.

त्यानंतरची पायरी सर्वात दुर्लक्षित असते. ती म्हणजे गरजपत्रक. किती गाड्या, कोणत्या लांबीच्या, एका पाळीत किती जवान, किती घरं, वीस वर्षांनी किती वाढ, हे अग्निशमन विभागाने लिहून द्यायचं असतं. इमारत बांधून घेणारा विभाग वेगळा आणि ती वापरणारा वेगळा. गरजपत्रक दोन ओळींचं असेल, तर कितीही हुशार आर्किटेक्ट निवडला तरी तो अंदाजावरच काम करणार.

निवडीचे मार्ग कोणते?

१. विभागातच आराखडा: महापालिकेचे अभियंते आणि वास्तुविशारद स्वतः आराखडा काढतात. खर्च कमी. पण मनुष्यबळ आणि या प्रकारच्या इमारतीचा अनुभव हवा.

२. पॅनेल: आधीच पात्र ठरवलेल्या आर्किटेक्टच्या यादीतून नाव निवडायचं. वेळ वाचतो. पण यादीतल्या कुणाला काम का दिलं, याचं लेखी कारण नसेल तर संशयाला जागा राहते.

३. सर्वात कमी फी: निविदा काढायची, पात्र अर्जदारांपैकी ज्याची फी सर्वात कमी त्याला काम. सरकारी भाषेत याला 'एल-वन' म्हणतात. लेखापरीक्षणात उत्तर द्यायला ही पद्धत सर्वात सोपी.

४. गुणवत्ता आणि फी एकत्र: अनुभव, प्राथमिक कल्पना, टीम यांना गुण आणि फीलाही गुण. दोन्हींची बेरीज ज्याची जास्त, त्याला काम. ही पद्धत 'क्यूसीबीएस' नावाने ओळखली जाते. केंद्र सरकारच्या २०१७ च्या वित्तीय नियमांत सल्लागार निवडताना गुणवत्तेला जास्तीत जास्त ८० टक्के वजन देता येतं.

५. स्पर्धा: अनेकांकडून आराखडे मागवायचे आणि तज्ज्ञ परीक्षकांनी निवडायचे. यात माणसाऐवजी थेट कल्पना निवडली जाते. मुंबईला हे नवीन नाही. मुंबई महापालिकेच्या मुख्यालयासाठी रॉबर्ट चिझम यांचा भारतीय-इस्लामी धाटणीचा आणि एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचा गॉथिक धाटणीचा, असे दोन आराखडे समोर होते. स्टीव्हन्स यांचा निवडला गेला आणि १८९३ मध्ये इमारत पूर्ण झाली.

६. ठेकेदार किंवा बिल्डरमार्फत: आराखडा आणि बांधकाम एकत्र दिलं, तर आर्किटेक्ट ठेकेदाराचा असतो. काही आरक्षणांत जागामालकच बांधीव सुविधा महापालिकेला देतो, तिथेही तसंच. अशा वेळी आर्किटेक्टचं बिल ज्याच्याकडून निघतं, त्याचा फायदा बांधकाम खर्च कमी ठेवण्यात असतो. म्हणून अग्निशमन विभागाची लेखी मंजुरी प्रत्येक टप्प्यावर हवी.

टक्केवारीने निकाल कसा फिरतो?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. 'अ' ने आधी आपत्कालीन सेवांच्या इमारती केल्या आहेत. त्याला गुणवत्तेत ९० गुण, फी ४० लाख. 'ब' ने फक्त निवासी इमारती केल्या आहेत. त्याला ७२ गुण, फी २५ लाख. फीचे गुण काढताना सर्वात कमी फीला १०० मिळतात आणि बाकीच्यांना त्या प्रमाणात. म्हणजे 'ब' ला १०० आणि 'अ' ला ६२.५.

• गुणवत्ता ८० टक्के, फी २० टक्के: 'अ' ८४.५, 'ब' ७७.६. 'अ' जिंकतो.
• गुणवत्ता ७० टक्के, फी ३० टक्के: 'अ' ८१.७५, 'ब' ८०.४. 'अ' थोडक्यात जिंकतो.
• दोन्ही ५० टक्के: 'अ' ७६.२५, 'ब' ८६. 'ब' जिंकतो.
• फक्त कमी फी: 'ब' जिंकतो.

उमेदवार तेच, आकडे तेच. निविदेच्या कागदावर एक टक्केवारी बदलली आणि निकाल उलटला. म्हणून वाद घालायचा तर निविदा निघण्याआधी घालावा लागतो. पाकिटं उघडल्यावर फार काही हातात राहत नाही.

फीमधला फरक १५ लाखांचा आहे. इमारत मात्र पन्नास वर्षं वापरली जाणार. वाकडं वळण, चुकीचा उतार किंवा तळमजल्याऐवजी दुसऱ्या मजल्यावर गेलेली विश्रांतीची खोली यांची किंमत प्रत्येक वर्दीला मोजावी लागते.

जगात काय केलं जातं?

अमेरिकेत १९७२ च्या ब्रुक्स कायद्यानुसार केंद्र सरकारची खाती आर्किटेक्ट निवडताना आधी फक्त पात्रता बघतात. सर्वात पात्र ठरलेल्याशी नंतर फीची बोलणी होतात, आणि ती फिसकटली तर दुसऱ्या क्रमांकाला बोलावलं जातं.

त्याच देशातल्या कोलंबस या छोट्या शहरात कमिन्स ही इंजिन बनवणारी कंपनी आहे. तिच्या प्रतिष्ठानने शहराला देऊ केलं, की आम्ही सुचवलेल्या यादीतला आर्किटेक्ट निवडा, त्याची फी आम्ही भरू. या योजनेतून १९६० च्या दशकात रॉबर्ट व्हेंच्युरी यांनी तिथलं चौथं अग्निशमन केंद्र केलं. साधी, स्वस्त इमारत, मध्ये पाइप सुकवायचा मनोरा आणि त्यावर मोठा ४ चा आकडा. आजही आर्किटेक्चरचे विद्यार्थी तिचा अभ्यास करतात.

उलट बाजूचं उदाहरण जर्मनीतलं. १९८१ च्या आगीनंतर व्हिट्रा या फर्निचर कंपनीने स्वतःचं अग्निशमन केंद्र बांधायचं ठरवलं. ते झाहा हदीद यांनी केलं आणि १९९३ मध्ये पूर्ण झालं. इमारत जगभर गाजली, पण काही वर्षांतच अग्निशमनासाठी तिची गरज उरली नाही आणि आता तिथे प्रदर्शनं भरतात. खासगी कंपनीला हे परवडतं. महापालिकेला गरज आधी आणि देखणेपणा त्याच्या पोटात, असाच क्रम लावावा लागतो.

'आर्किटेक्ट' कुणाला म्हणायचं?

वास्तुविशारद अधिनियम १९७२ नुसार वास्तुकला परिषदेकडे नोंदणी असलेल्यालाच स्वतःला 'आर्किटेक्ट' म्हणवता येतं. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की हे संरक्षण त्या पदवीला आहे. आराखडा काढण्याचं काम इतरांना बंद नाही. म्हणून निविदेत नोंदणीची अट स्पष्ट लिहिलेली असणं महत्त्वाचं.

तुम्ही काय विचारू शकता?

तुमच्या भागात केंद्र मंजूर झालं, तर क्षेत्रीय कार्यालयात, नगरसेवकाकडे किंवा १० रुपये भरून माहिती अधिकारात हे प्रश्न विचारता येतात. माहिती अधिकारात साधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

• अग्निशमन विभागाचं लेखी गरजपत्रक आहे का? त्याची प्रत द्या.
• आर्किटेक्टची निवड कोणत्या पद्धतीने झाली? गुणवत्तेला किती टक्के वजन होतं?
• निवड समितीत अग्निशमन दलाचा अधिकारी होता का?
• निवडलेल्या आर्किटेक्टने याआधी चोवीस तास चालणारी कोणती इमारत केली आहे?
• बांधकाम चालू असताना जागेवर देखरेख करण्याचं काम त्याच्या करारात आहे का?
• आराखड्यात विश्रांतीच्या खोलीपासून गाडीपर्यंतचं अंतर किती मीटर आहे?

शेवटचा प्रश्न सर्वात साधा आहे. त्याचं उत्तर मीटरमध्ये, लगेच मिळालं, तर आराखडा काढणाऱ्याने वर्दीचा विचार केला आहे असं समजायला हरकत नाही.