बंदुकीचा मान आणि खानदेशातील पिढ्या

आपल्या घराण्यांचा इतिहास बहुधा जमीन, विहीर व सोयरसंबंध यांच्या आधारे सांगितला जातो. परंतु एकच वस्तू एका पिढीस भूषण वाटावी, दुसरीस तिने रडवावे व तिसरीस ती उपजीविकेचे साधन व्हावी, हाही इतिहासच होय. खानदेशात बंदुकीचे असे झाले आहे.

पेशवाईच्या अखेरीस येथील अनेक किल्ले तोड्याच्या बंदुका बाळगणाऱ्या अरब शिबंदीच्या बळावर उभे होते. २७ फेब्रुवारी १८१८ रोजी थाळनेर पडले. सेनापती हिस्लॉप याने किल्लेदारास फाशी दिले व शिबंदीची कत्तल झाली. पुढे १८२५ मध्ये औट्रामने धरणगावी भिल्ल पलटण उभारून डोंगरातील तरुणांच्या हाती सरकारी बंदूक दिली. परंतु सेंधवा घाटाच्या रखवालीची चाकरी केलेले खाज्या नाईक हेच १८५७ साली सरकारविरुद्ध उठले, आणि ११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणी येथे भिल्लांनी इंग्रजी फौजेशी झुंज देऊन रक्त सांडले. त्या काळी बंदूक म्हणजे सत्ता, एवढाच तिचा अर्थ होता.

१८७८ च्या शस्त्र कायद्याने हा अर्थ पालटला. युरोपियनांना मोकळीक आणि एतद्देशीयांना परवान्याची अट, असा तो भेद होता. जे सर्वांना दुर्मिळ झाले, ते ज्यास लाभले त्याची प्रतिष्ठा वाढली. परवान्याची ठासणीची बंदूक ओसरीवर टांगली जाऊ लागली. दसऱ्यास तिची पूजा होई व रानडुकरांनी पिकात धुडगूस घातला की तिचा बार निघे. वाडवडिलांच्या मानाचे मूळ पुष्कळ अंशी या परक्या कायद्यात आहे, हे आपण विसरता कामा नये.

डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूर येथे काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन भरले आणि निःशस्त्र सामर्थ्याचा विचार खेडोपाडी पोहोचला. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारात पोलिसांच्या गोळीबारात शिरीषकुमार मेहता व त्याचे चार सोबती, लालदास, धनसुखलाल, शशिधर व घनश्याम, धारातीर्थी पडले. हातात तिरंगा धरणाऱ्या या मुलांनी बंदुकीचा दरारा नाहीसा केला. त्याच पिढीतील काही तरुणांनी मात्र १४ एप्रिल १९४४ रोजी चिमठाणे येथे सरकारी खजिना लुटून सशस्त्र मार्ग धरला. एकाच पिढीत दोन्ही विचार नांदत होते.

स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये भुसावळला व १९६४ मध्ये वरणगावला आयुध निर्माणी निघाली. वरणगावी काडतुसे होऊ लागली. तेथील कामगारांच्या कुटुंबांना शस्त्रसामग्री म्हणजे पाळी, पगार व मुलांचे शिक्षण.

असो. या इतिहासाचे तात्पर्य आपल्या दाराशीच आहे. वरातीत हवेत बार काढणे हीच खानदानी रीत, असा समज काही ठिकाणी रूढ होत आहे. पूर्वजांनी बंदूक पिकासाठी, रखवालीसाठी वा देशासाठी उचलली. मांडवात मिरविण्यासाठी नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीने निष्काळजीपणाचा असा उत्सवी गोळीबार दोन वर्षांपर्यंतच्या कैदेस किंवा एक लाख रुपयांपर्यंतच्या दंडास, अथवा दोहोंस पात्र ठरला आहे. कायद्याचे भय बाजूस ठेवले, तरी वर गेलेली गोळी खाली कोणाच्या लेकरावर येईल, हे कोण सांगणार? ज्ञातीतील वडीलधाऱ्यांनी यजमानास लग्नाची तिथी धरतानाच ही गोष्ट बजावावी. घराण्याचा मान आवाजाने नव्हे, संयमाने टिकतो.