अभिनेत्रीची कविता आणि तरुण वाचक

गोंदिया : नाटक आणि काव्य यांचे नाते गोंदिया जिल्ह्याला जुने आहे. 'उत्तररामचरित' लिहिणाऱ्या भवभूतीचे पद्मपूर म्हणजे आमगावजवळचे पदमपूर, असे मानले जाते. मात्र याच झाडीपट्टीतील दंडारीत स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत. पुढे झाडीपट्टी रंगभूमीवर अभिनेत्री आल्या. तरी त्यांच्या तोंडचे संवाद बहुधा इतरांनी लिहिलेले असत.

त्यामुळे अभिनेत्रीने स्वतः कविता लिहिणे महत्त्वाचे ठरते. अलीकडचे ठळक उदाहरण स्पृहा जोशी यांचे. १९८९ साली जन्मलेल्या या अभिनेत्री घराघरांत पोहोचल्या त्या 'उंच माझा झोका' (२०१२) या मालिकेतील रमाबाई रानडे यांच्या भूमिकेमुळे. 'चांदणचुरा' आणि 'लोपामुद्रा' हे त्यांचे कवितासंग्रह. 'डबल सीट' (२०१५) या चित्रपटासाठी त्यांनी गीतलेखनही केले.

'लोपामुद्रा' हे नाव सूचक आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील १७९व्या सूक्तात लोपामुद्रा पती अगस्त्याजवळ आपली इच्छा निःसंकोच बोलून दाखवते. स्वतःचे मन मांडू पाहणाऱ्या तरुण वाचकांना हा धागा जवळचा वाटावा.

संकर्षण कऱ्हाडे यांच्यासमवेतचा 'संकर्षण व्हाया स्पृहा' हा कार्यक्रम असो वा मोबाइलवरील ध्वनिचित्रफिती, ही कविता तरुणांपर्यंत प्रथम आवाजातून पोहोचते. अभिनेत्रीच्या लोकप्रियतेचा कवितेला तेवढा लाभ होतोच. परंतु मोठ्या शहरांपासून दूर असलेल्या गोंदियासारख्या जिल्ह्यातील तरुण श्रोता पुढे वाचक व्हायचा, तर कवितासंग्रह शाळा-महाविद्यालयांच्या ग्रंथालयांतही मिळायला हवेत.