अनुच्छेद ३ आणि विधिमंडळाचे मत : द्विभाषिक मुंबई राज्याच्या संदर्भात

भारतीय संघ घटकराज्यांच्या करारातून निर्माण झालेला नाही, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत स्पष्ट केले होते. या भूमिकेचा प्रत्यक्ष अर्थ महाराष्ट्राला १९५६ मध्ये अनुभवास आला.

राज्य पुनर्रचना विधेयकाच्या मूळ मसुद्यात महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित मुंबई असे तीन घटक होते. अनुच्छेद ३ नुसार मुंबई विधिमंडळाचे मत मागविले गेले ते याच मसुद्यावर. संसदेने मात्र अखेरीस द्विभाषिक मुंबई राज्य स्वीकारले व १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते अस्तित्वात आले. मत एका योजनेवर, कायदा दुसरीचा! बाबुलाल पराते यांनी नेमका हाच आक्षेप न्यायालयात घेतला. २८ ऑगस्ट १९५९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. विधेयक विधिमंडळाकडे एकदा पाठविले की अट पूर्ण होते. प्रत्येक दुरुस्तीसाठी पुन्हा विचारणा आवश्यक नाही, असा तो निर्वाळा होता.

शब्दार्थाने पाहता हा निर्णय सदोष म्हणता येत नाही. मत देण्यास मुदत घालण्याचा अधिकार तर १९५५ च्या पाचव्या घटनादुरुस्तीनेच राष्ट्रपतींना दिला होता. तथापि, 'मत मागविणे' ही तरतूद त्यामुळे केवळ औपचारिक उरली, असे प्रस्तुत लेखकास वाटते. द्विभाषिक राज्य १ मे १९६० रोजी संपुष्टात आले ते न्यायालयामुळे नव्हे, तर लोकचळवळीच्या दबावामुळे.

जानेवारी २०१४ मध्ये आंध्र प्रदेश विधानसभेने विभाजनाचे विधेयक नाकारले; तरीही २ जून २०१४ रोजी तेलंगणा अस्तित्वात आले. तेथे विधिमंडळाचे मत डावलले गेले. मुंबईच्या बाबतीत अंतिम योजनेवर ते मागविलेच गेले नव्हते.