साहेब अटकेपार, कारकून थेम्सपार

युरोपची टूर करून आलेला मराठी माणूस पहिले आठ दिवस युरोपबद्दल बोलतो आणि पुढे आयुष्यभर तिथल्या जेवणाबद्दल बोलतो. उंच मनोऱ्याचं चर्च कोणत्या गावात होतं हे तो विसरतो. पण वरणभात कोणत्या गावात मिळाला, त्यावर तूप होतं की नव्हतं, हे त्याला श्राद्धाच्या तिथीसारखं पाठ असतं.

आमच्या देवळ्यालाही आता या टूरची हवा लागली आहे. कांद्याला भाव आला की आधी ट्रॅक्टर, मग बंगल्याचा स्लॅब आणि त्यातून काही उरलं तर युरोप, असा क्रम पडलेला आहे. परवा एका खातेदाराने टूरचं पत्रक माझ्या काउंटरवर पसरलं. ‘दिवस दुसरा : सकाळी लंडन दर्शन. नंतर थेम्स नदीतून बोटीची सफर. रात्री भारतीय जेवण.’ म्हाताऱ्याने लंडनवर बोट ठेवलं नाही, थेम्सवरही ठेवलं नाही. त्याने विचारलं, “भाऊसाहेब, तठे खावाले काय भेटस?”

मागच्या रांगेतले दोघे हसले. मला मात्र हसू आलं नाही, कारण हा प्रश्न सुमारे अडीचशे वर्षांचा जुना आहे. तो पहिल्यांदा पडला तेव्हा त्याचं उत्तर देण्यासाठी इंग्लंडच्या पार्लमेंटातला एक मोठा माणूस धावून आला होता.

ही हकीकत आमच्या जिल्ह्यातूनच सुरू होते, असं म्हणायला हरकत नाही. नाशिकला गंगापूर रोडवर आनंदवल्ली आहे. तिथे राघोबादादा पेशव्यांचा वाडा होता. राघोबादादा म्हटलं की आपल्याला दोनच गोष्टी आठवतात, ‘अटकेपार झेंडे’ आणि ‘ध चा मा’. १७५८ च्या एप्रिलात दादांनी लाहोर घेतलं, फौजा अटकेपर्यंत गेल्या आणि सगळं श्रेय दादांच्या खात्यावर जमा झालं. पंधरा वर्षांनी, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, शनिवारवाड्यात नारायणरावाचा खून झाला आणि खात्यात जमा होती नव्हती ती सगळी बुडाली.

पुढे पेशवाई मिळवण्यासाठी दादा इंग्रजांकडे गेले. इथून पुढचा इतिहास समजायला इतिहासाची पदवी लागत नाही, बँकेची नोकरी पुरते. मार्च १७७५ मध्ये मुंबईकर इंग्रजांनी सुरतेला दादांशी तह केला. म्हणजे शाखेने कर्ज मंजूर केलं. कलकत्त्याच्या विभागीय कार्यालयाने ते नामंजूर केलं आणि मार्च १७७६ मध्ये पुण्याशी पुरंदरचा वेगळाच तह केला. तेवढ्यात लंडनच्या मुख्य कार्यालयाचं पत्र येऊन थडकलं, की सुरतेचा तह आम्हांला पसंत आहे! तीन टेबलांवर तीन शेरे. मधल्या मध्ये अर्जदार बाकावर बसलेला. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला मराठ्यांनी इंग्रजांची पुरती कोंडी केली, तेव्हा तर फाईलच गहाळ झाल्यासारखी झाली.

अशा वेळी वैतागलेला अर्जदार काय करतो? थेट हेड ऑफिसला माणूस पाठवतो. दादांनी तेच केलं. हणमंतराव नावाचा एक ब्राह्मण, मणियार नावाचा एक पारशी आणि त्याचा मुलगा अशी तीन माणसं त्यांनी लंडनला धाडली. १७८१ मध्ये हे लोक लंडनात होते.

आता बघा, आजच्या पत्रकातलं लंडन त्यांच्यासमोर नव्हतंच. ज्याच्यासमोर उभं राहून आपण फोटो काढतो ते बिग बेन घड्याळ १८५९ सालचं. उघडझाप करणारा टॉवर ब्रिज १८९४ चा. नदीकाठचे रुंद फरसबंद रस्तेही एकोणिसाव्या शतकातले. तेव्हा सेंट पॉलचा घुमट होता, टॉवरमध्ये राजाने पाळलेले सिंह होते आणि शहराच्या मधल्या भागात नदीवर जेमतेम तीन पूल होते. त्यामुळे थेम्समधली होडी ही सहल नव्हती, ती एस. टी. होती. पलीकडच्या काठावर काम निघालं की नावाड्याला हाक मारायची आणि भाड्यावरून हुज्जत घालायची. आपल्या बोटी हल्ली वेस्टमिन्स्टरहून ग्रीनिचकडे निघाल्या की वाटेत डेप्टफर्ड लागतं. त्याच अंगाला खाली कंपनीची जहाजं नांगरून असत. आपल्याकडचं कापड आणि मिरी तिथे उतरत होती. पर्यटकाच्या फोटोत पाणी येतं, हा माल येत नाही.

बँकवाल्याने आवर्जून पाहावं असं एक स्थळ मात्र तेव्हाही होतं, थ्रेडनीडल रस्त्यावरची बँक ऑफ इंग्लंड. जून १७८० मध्ये लंडनात मोठी दंगल झाली आणि जमाव या बँकेवर चालून गेला. तेव्हापासून रोज रात्री बँकेवर सैनिकांचा पहारा बसू लागला, तो १९७३ पर्यंत चालू होता. दंगल आठवडाभराची, बंदोबस्त एकशे त्र्याण्णव वर्षांचा! एकदा निघालेलं परिपत्रक रद्द कसं करायचं हे जगातल्या कुठल्याच बँकेला माहीत नसतं, हे वाचून मला आपलेपणा वाटला.

पण हणमंतरावाला स्थळं पाहायला सवड कुठली? थंडी, परकी भाषा, संपत आलेले पैसे, आणि वर तोच प्रश्न : खायचं काय? दुसऱ्याच्या हातचं चालत नाही, स्वतःची चूल मांडायला जागा नाही. कर्मठपणा म्हणून आज आपण त्याची थट्टा करू; पण तो माणूस मौजेसाठी गेला नव्हता, साहेबाने पाठवलं म्हणून गेला होता. डेप्युटेशनवरच्या माणसाला ‘नाही’ म्हणायची सोय तेव्हाही नव्हती.

त्यांचे हाल एडमंड बर्कच्या कानावर गेले. हा पार्लमेंटचा सभासद, वक्तृत्वाबद्दल नावाजलेला आणि स्वतः कर्जात बुडालेला. लंडनच्या पश्चिमेला बीकन्सफील्डला त्याचं घर होतं. त्याने या मंडळींना तिथे नेलं आणि बागेतलं मोठं काचघर त्यांच्या स्वाधीन केलं. झाडं थंडीने मरू नयेत म्हणून साहेब लोक बांधतात तसलं काचघर. तिथे त्यांनी आपल्या रीतीने स्नानसंध्या करावी, आपल्या हाताने रांधावं, कोणी आत डोकावू नये. पुढे बर्कने दादांना पत्र लिहून कळवलं, की तुमच्या वकिलाला आमच्याकडे जे सोसावं लागलं ते आमच्या अज्ञानामुळे, आकसामुळे नव्हे. बर्कचे चार खंड मी वाचले नसते तरी चाललं असतं. या एका वाक्यासाठी त्याला मी मानतो. याच बर्कने पुढे वॉरन हेस्टिंग्जवर खटला भरला. तो १७८८ ते १७९५ चालला आणि हेस्टिंग्ज सुटला. निकाल हातात नसतो. काचघर देणं हातात असतं, ते त्याने दिलं होतं.

इकडे काय झालं? १७ मे १७८२ रोजी सालबाईचा तह झाला. इंग्रजांनी दादांची बाजू सोडली आणि दादांना महिना पंचवीस हजारांचं पेन्शन लागलं. ज्या अर्जासाठी माणसं सातासमुद्रापार पाठवली तो अर्जच निकाली निघाला. दादा कोपरगावला जाऊन राहिले आणि १७८३ च्या डिसेंबरात वारले.

परत आलेल्या वकिलांची गोष्ट विल्फर्ड नावाच्या गृहस्थाने लिहून ठेवली आहे. विल्फर्डला त्याच्याच पंडिताने बनावट पोथ्या दाखवून पुढे चांगलंच फसवलं, तेव्हा त्याचं लिहिणं ‘पडताळणीस अधीन’ असा शिक्का मारूनच घ्यावं. तो म्हणतो, वकील परतताना इराणमार्गे खुश्कीने आले, म्हणजे सिंधू ओलांडून आले, म्हणून ते बाटले. ब्राह्मणसभा भरल्या, खल झाला आणि माणसं सज्जन आहेत, गेली ती देशकार्यासाठी, म्हणून त्यांना पुन्हा जन्म घ्यायची मुभा मिळाली. त्यासाठी सोन्याची योनी घडवून तिच्यातून त्यांना बाहेर काढलं. सोनं दादांनी दिलं.

म्हणजे पाहा, साहेबांच्या नावावर अटक लागली तो पराक्रम, कारकून अटकेवरून घरी आला ते पातक! आमच्या खात्यात आजही हाच नियम आहे. मात्र एक गोष्ट दादांच्या जमेला धरलीच पाहिजे. नशीब फिरलेलं, गादी गेलेली, पेन्शनवर आलेला हा माणूस; पण आपल्या कामासाठी बाटलेल्या नोकराचं टी. ए. बिल त्याने नाकारलं नाही. सोन्यात पास केलं.

बर्कचं ते घर १८१३ मध्ये जळालं. म्हणून कुठल्याच टूरच्या पत्रकात ते काचघर नाही. ते पाहायला जायची तशी गरजही नाही. आमच्या शाखेत केरळचा, बिहारचा, ओडिशाचा एखादा पोरगा बदलीवर येतो. गिरणेकाठच्या या मुलखात त्याला ओळखीचं कोणी नसतं. खोली बघायला गेला की घरमालक आधी विचारतो, “स्वयंपाकात काय काय करता?” पोरगा मासे म्हणतो आणि खोली कालच दिलेली निघते. मग तो महिनाभर स्टँडसमोर मिसळ खातो आणि बदलीचा अर्ज लिहायला घेतो.

त्याच घरमालकाने युरोपचं बुकिंग केलेलं असतं, आणि लंडनात आपल्याला वरणभात मिळेल याची टूरवाल्याकडून लेखी हमी घेतलेली असते.