चकाकीची वजाबाकी

जालना म्हटलं की लोकांना स्टील आठवतं. पण आमच्या गावचं स्टील कुणाला दिसत नाही. भंगार इंडक्शन भट्टीत वितळतं, रोलिंग मिलमधून सळई होऊन बाहेर पडतं आणि कुणाच्या तरी घराच्या स्लॅबमध्ये कायमचं गाडलं जातं. त्याला चमकायची गरजच नसते.

पण तासाभरावर, छत्रपती संभाजीनगरच्या औषध कारखान्यांमध्ये, स्टीलकडून वेगळीच अपेक्षा असते. तिथले स्टेनलेस स्टीलचे पाइप आतून आरशासारखे गुळगुळीत लागतात, कारण बारीकशा खाचेतही जंतू घर करतात. हा गुळगुळीतपणा आणण्याची एक पद्धत म्हणजे इलेक्ट्रोपॉलिशिंग. मी जालन्याचा, शिक्षणाने इंजिनिअर, पोटासाठी कोड लिहितो. या पद्धतीचा इतिहास वाचताना मला आपल्या स्वयंपाकघरांचा इतिहास आठवत राहिला.

आपल्याकडे भांडं चकचकीत करायच्या दोन रीती होत्या. कल्हईवाला भाता मारून भांडं तापवायचा, नवसागर टाकायचा आणि कथलाचा पातळ थर आतून फिरवायचा. ही झाली बेरीज. आजी पितळेचा तांब्या चिंचेने घासायची, तेव्हा चिंचेतलं आम्ल वरचा काळा थर खायचं. ही वजाबाकी. पुढे बोहारीण जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देऊ लागली आणि कल्हईवाल्याची हाक हळूहळू थांबली.

त्या स्टीलची सुरुवात 1913 मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डला झाली. बंदुकीच्या नळ्या लवकर झिजतात म्हणून हॅरी ब्रिअर्ली नवा मिश्रधातू शोधत होता. भरपूर क्रोमियम घातलेलं त्याचं पोलाद गंजेना. क्रोमियम हवेतला ऑक्सिजन घेऊन पृष्ठभागावर अतिशय पातळ, न दिसणारा थर धरतं. तो ओरखडला तरी पुन्हा धरतो. म्हणजे ही कल्हई धातू स्वतःच स्वतःला करतो!

अडचण घासण्याची होती. यंत्राने घासलं की धातू चमकतो, पण वरचा थर चोळवटला जातो आणि त्यात कचरा अडकतो. फ्रेंच संशोधक पिएर जॅके यांनी घासणंच टाळलं. 1930 मध्ये त्यांनी विजेने पॉलिश करण्याचं पेटंट घेतलं आणि 1935 मध्ये तांब्यावरचे प्रयोग ‘नेचर’मध्ये छापले. वस्तू आम्लात बुडवून बॅटरीच्या धन टोकाला जोडायची. तिच्याभोवती विरघळलेल्या धातूचा दाट थर साचतो. उंचवट्यांवर तो पातळ असतो, म्हणून उंचवटे आधी विरघळतात आणि खड्डे मागे राहतात. 1940 च्या दशकात अमेरिकेतल्या बॅटेल संस्थेत चार्ल्स फाउस्ट यांनी स्टेनलेससाठी फॉस्फरिक आणि सल्फ्युरिक आम्लांचं मिश्रण बसवलं. आजही कारखान्यांत मुख्यतः तेच वापरतात. साधारण 10 ते 40 मायक्रॉन धातू जातो, केसाच्या जाडीहूनही कमी. लोखंड जास्त विरघळतं, त्यामुळे वर क्रोमियमचं प्रमाण वाढतं आणि गंज आणखी दूर राहतो.

म्हणजे ही चिंचेचीच रीत, फक्त विजेवर चालणारी. पण चिंचेचं पाणी मोरीतून परसात जायचं, आळूच्या वाफ्याला. इथे काय होतं?

आम्ही कोडमधली ओळ डिलीट करतो, ती संपते. धातूत डिलीट नसतं, फक्त जागा बदलते. निघालेलं लोखंड, क्रोमियम आणि निकेल आम्लात उतरतं. वस्तू धुतली की ते पाण्यात येतं. ते पाणी चुना घालून शुद्ध करावं लागतं आणि खाली बसलेला गाळ घातक कचरा म्हणून वेगळा सांभाळावा लागतो. न सांभाळता सोडलं, तर पाइप स्वच्छ आणि विहीर घाण.

हा हिशेब जालन्याला चांगला कळायला हवा. 2012-13 च्या दुष्काळात राज्यातल्या सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांत आमचा जिल्हा होता. निजामकाळातल्या घाणेवाडी तलावावर वाढलेलं आमचं शहर आता पैठणहून जायकवाडीचं पाणी आणतं. आमच्या टीएमटी सळईलाही पाणीच लागतं: लाल सळईवर फवारा मारला की वरचं कवच कडक होतं, आतला गाभा लवचीक राहतो.

उद्या जालना सळईच्या पुढे जाऊन चकचकीत, महागडे भाग बनवू लागलं, तर मला आनंदच होईल. गावातल्या पोरांना पुण्याची बस कमी वेळा पकडावी लागेल. फक्त कारखान्याच्या उद्घाटनाला गेलात तर आरशासारखा पाइप बघून झाल्यावर मागच्या बाजूलाही जा. धुण्याचं पाणी कुठे जातं, ते विचारा.